आधी पाहावे, मग दाबावे : बेडकाच्या भ्रूणातील जनुकाचा अभ्यास, नवशिक्यांसाठी

बडोद्याच्या मराठी घरांतून प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगाच्या सूचना इंग्रजीत मिळतात, शेजारच्या मेजावरच्या सोबत्याशी तो गुजरातीत बोलतो आणि प्रयोग फसला की मनातल्या मनात मराठीत चरफडतो. हा लेख त्या चरफडण्याच्या भाषेत लिहिला आहे. बेडकाच्या भ्रूणात एखादे विकास-जनुक केव्हा आणि कोठे व्यक्त होते, म्हणजे चालू असते, हे कसे पाहावे, आणि नंतर त्या जनुकाचे काम कमी करून, म्हणजे नॉकडाउन करून, काय बिघडते हे कसे तपासावे, एवढाच त्याचा विषय आहे. उदाहरणासाठी डोळ्याच्या घडणीतले सुपरिचित जनुक पॅक्स-६ घेतले आहे. आपले जनुक वेगळे असले तरी क्रम हाच राहील.

क्रमाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक तेथेच होते. नॉकडाउनसाठी लागणारा मॉर्फोलिनो, म्हणजे आरएनएला चिकटून त्याचे काम रोखणारा कृत्रिम धागा, आधी मागवला जातो, तो आला की घाईने टोचला जातो, वाकडेतिकडे बेडूकमासे मिळतात आणि मग कोणीतरी विचारते की हे जनुक त्या वयाच्या भ्रूणात मुळात चालू असते का. या प्रश्नाचे उत्तर हातात असल्याशिवाय सुईला हात लावू नये.

बेडूक, परवानगी आणि पाणी

प्रयोगशाळांत दोन जाती वापरल्या जातात. झेनोपस लीव्हिस हा दक्षिण आफ्रिकेचा नखे असलेला बेडूक. त्याचे अंडे सुमारे १.२ ते १.३ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे नवख्या हातालाही झेपणारे असते. झेनोपस ट्रॉपिकॅलिस हा त्याचा लहान भाऊबंद, त्याचे अंडे ०.७ ते ०.८ मिलिमीटरचे. अंड्यांपेक्षा महत्त्वाचा फरक गुणसूत्रांत आहे. ट्रॉपिकॅलिसची गुणसूत्रे २० असून प्रत्येक जनुकाची नेहमीप्रमाणे एक जोडी असते. लीव्हिसची गुणसूत्रे ३६ आहेत, कारण त्याचा जीनोम फार पूर्वी दोन जातींच्या संकरातून दुपटीला आला, आणि २०१६ मध्ये तो पूर्ण वाचला गेला तेव्हा त्यातल्या पुष्कळ जनुकांच्या ‘एल’ आणि ‘एस’ अशा दोन आवृत्त्या टिकून असल्याचे दिसले. एक आवृत्ती दाबली आणि दुसरी तशीच चालू राहिली, तर निष्कर्ष चुकतो. टोचण्याचा हात लीव्हिसवर बसवावा आणि जनुकशास्त्राची गुंतागुंत नको असेल तर पुढे ट्रॉपिकॅलिसकडे वळावे, असे माझे मत आहे.

हे दोन्ही बेडूक परदेशी आहेत, म्हणून आयातीचा परवाना, विलगीकरण, संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता आणि जैवसुरक्षा समितीची नोंद, ही कागदपत्रे प्रयोगाच्या बऱ्याच आधी हाती हवीत. पावसाळ्यात कमाटीबागेच्या आसपास किंवा विश्वामित्रीच्या काठी ओरडणारे बेडूक पकडून काम भागवण्याचा मोह होतो, पण रानातल्या काही जाती कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांच्या जनुकांचे तयार क्रमही आपल्याला मिळणार नाहीत. उलट दिशेनेही तितकीच काळजी घ्यावी: झेनोपस अनेक देशांत मोकळा सुटून उपद्रवी ठरला आहे, म्हणून जिवंत बेडूक, बेडूकमासा किंवा टाकीतले पाणी निर्जंतुक केल्याशिवाय गटारात जाऊ देऊ नये.

पाणी आजव्याचे असो वा महीचे, नळातून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतो आणि बेडूक कातडीवाटे पाणी घेत असल्याने तो त्याला सोसत नाही. कार्बन फिल्टरमधून काढलेले किंवा दिवसभर हवा सोडून ठेवलेले पाणीच टाकीत भरावे. लीव्हिसला १६ ते २० अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, ट्रॉपिकॅलिसला २४ ते २६ अंशांचे. बडोद्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पहिल्यासाठी चोवीस तास शीतकरण लागते हे आधीच हिशेबात धरावे. भ्रूणांसाठी तर तापमान हीच घड्याळाची किल्ली आहे. लीव्हिसचे भ्रूण १४ ते २४ अंशांत निरोगी वाढतात. त्यापलीकडे ते गॅस्ट्रुलाच्या, म्हणजे पेशी आत वळून थर बनण्याच्या, टप्प्यावर बिघडू लागतात. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात इन्क्युबेटर असलेल्या खोलीची वीज दुपारी गेली, ती आली तेव्हा आतला पारा ३० च्या वर होता, आणि संध्याकाळी टोचलेले व न टोचलेले असे दोन्ही गट सारखेच मेलेले दिसले. न टोचलेल्या भावंडांचा गट सोबत नसता, तर मी तो दोष जनुकावर टाकून मोकळा झालो असतो.

अंडी मिळवणे आणि फलन

मादीच्या पाठीच्या लसिका-पिशवीत, म्हणजे कातडीखालच्या मोकळ्या जागेत, आदल्या संध्याकाळी एचसीजी या संप्रेरकाची सुमारे ५०० ते ८०० युनिट्स टोचतात आणि तिला १६ ते १८ अंशांवर अंधारात शांत ठेवतात. १२ ते १६ तासांनी ती अंडी घालू लागते. हे तेच संप्रेरक आहे जे गर्भवती स्त्रीच्या लघवीत असते. १९३० च्या दशकात ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून गर्भधारणा ओळखण्याची जी चाचणी निघाली, ती याच बेडकावर होती, आणि जगभरच्या रुग्णालयांतून आणि प्रयोगशाळांतून हा आफ्रिकी प्राणी पोहोचला तो त्या चाचणीमुळे. एकदा अंडी दिलेल्या मादीला निदान तीन महिने विश्रांती द्यावी. घाई केली तर अंड्यांचा दर्जा तर घसरतोच, शिवाय ते प्राण्यावर अन्यायकारक आहे.

नराला रीतसर भूल देऊन, नीतिसमितीने मान्य केलेल्या पद्धतीनेच वृषणे काढावीत. ती योग्य द्रावणात ४ अंशांवर ठेवली की काही दिवस वापरता येतात. मादीची अंडी हलक्या हाताने कोरड्या पेट्री डिशमध्ये उतरवून घ्यावीत, वृषणाचा लहान तुकडा चिरडून ती त्यात माखावीत आणि काही मिनिटांनी त्यावर ०.१ पट एमएमआर ओतावे. एमएमआर हे साधे क्षारद्रावण आहे. एकपट द्रावणात लिटरला १०० मिलिमोल सोडियम क्लोराईड, २ मिलिमोल पोटॅशियम क्लोराईड, १ मिलिमोल मॅग्नेशियम क्लोराईड, २ मिलिमोल कॅल्शियम क्लोराईड आणि सामू धरून ठेवण्यासाठी ५ मिलिमोल हेपेस असते. शुक्रपेशी पातळ द्रावणातच जाग्या होतात, म्हणून हे ओतणे म्हणजेच फलनाची वेळ, आणि ती वहीत मिनिटासह लिहावी.

सुमारे वीस मिनिटांत फलित अंडी आपोआप वळून काळा अर्धा, म्हणजे प्राणिध्रुव, वर आणतात. डिशमधली जवळजवळ सर्व अंडी काळी दिसू लागली तर दिवस चांगला आहे; निम्मी पांढरी राहिली तर त्या तुकडीवर नॉकडाउन करू नये, हे मी आजही पाळतो. नंतर अंड्याभोवतालची चिकट जेली काढण्यासाठी ताजे केलेले २ टक्के सिस्टीनचे द्रावण, सामू ७.८ ते ८.० इतका आणून, काही मिनिटे हलवत वापरतात. अंडी एकमेकांना खेटून बसू लागली की जेली गेली असे समजावे आणि ताबडतोब चार-पाच वेळा धुवावे. येथे दोन मिनिटांचा आळस अंड्याच्या आतल्या पातळ आवरणाला भोवतो.

पहिले विभाजन २३ अंशांवर सुमारे दीड तासाने होते आणि त्यानंतरची विभाजने साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने होतात. १६ अंशांवर हाच वेग जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून टोचायला वेळ हवा असेल तर डिश थंड ठिकाणी सरकवावी. भ्रूणाचे वय तासांत कधीही सांगू नये. न्यूकूप आणि फाबर यांच्या १९५६ च्या कोष्टकातील १ ते ६६ या अवस्थांनी सांगावे. २३ अंशांच्या आसपास अवस्था १०, म्हणजे गॅस्ट्रुलाची सुरुवात, सुमारे ९ तासांनी येते, अवस्था २० सुमारे २२ तासांनी आणि पोहता येणारा, डोळे उमटलेला अवस्था ४० चा बेडूकमासा ६६ तासांच्या सुमारास दिसतो.

जनुक केव्हा व कोठे चालू असते

‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर आरटी-पीसीआर, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवून तो वाढवण्याची व मोजण्याची पद्धत, देते. प्रत्येक अवस्थेचे पाच-पाच भ्रूण एकत्र करून आरएनए काढावा. एका भ्रूणातून ४-५ मायक्रोग्रॅम मिळतो, त्यामुळे नमुन्याची चणचण भासत नाही. खरी अडचण तुलनेच्या जनुकाची आहे. भ्रूणाचे स्वतःचे जनुक मोठ्या प्रमाणात बोलू लागतात ते बाराव्या विभाजनानंतर, पेशी चार हजारांच्या आसपास असताना. त्याआधी जो आरएनए असतो तो आईने अंड्यात भरून दिलेला. म्हणून ईएफ-१-अल्फासारखे, त्या वळणानंतर जोरात वाढणारे जनुक सुरुवातीच्या अवस्थांसाठी मापदंड म्हणून धरले, तर आकडे दिशाभूल करतात. ओडीसी हे जनुक त्या मानाने स्थिर असते. या एका आलेखातून पुढचा सगळा बेत ठरतो. आपले जनुक मातृक आहे का भ्रूणाचे, हे येथे कळते, आणि मातृक प्रथिन अंड्यात आधीच साठलेले असेल तर त्याच्यावर मॉर्फोलिनोचा काहीही अंमल चालत नाही.

‘कोठे’ यासाठी संपूर्ण भ्रूणाचे इन सिटू संकरण करतात, म्हणजे आरएनए भ्रूणात जेथे असेल ती जागा रंगवून दाखवतात. पॅक्स-६ चा विरुद्ध धाग्याचा आरएनए डिगॉक्सिजेनिन हे ओळखचिन्ह लावून बनवावा. त्याला प्रयोगशाळेत प्रोब म्हणतात. भ्रूण मेम्फा या फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणात एक ते दोन तास फिक्स करून मिथेनॉलमध्ये नेतात, परत द्रावणात आणतात, प्रथिने तोडणाऱ्या प्रोटीनेज-के ने किंचित सैल करतात, पुन्हा फिक्स करतात आणि ६० अंशांवर रात्रभर प्रोबसह ठेवतात. दुसऱ्या दिवशी धुणे, डिगॉक्सिजेनिनविरोधी प्रतिपिंड, पुन्हा दीर्घ धुणे आणि शेवटी निळा-जांभळा रंग. ही तीन-चार दिवसांची कामगिरी आहे आणि तिच्यातले बारकावे हातानेच शिकावे लागतात, तरी दोन गोष्टी आधीच सांगतो. भ्रूणाच्या पोटातल्या पोकळीत प्रोब अडकून खोटा रंग येतो, म्हणून फिक्स केल्यावर पोकळीला बारीक सुईने छिद्र पाडावे. आणि भ्रूणाचा स्वतःचा काळा रंग निळा संकेत झाकतो, म्हणून रंग आल्यावर भ्रूण पुन्हा फिक्स करून हायड्रोजन पेरॉक्साइडने प्रकाशात उजळावा, किंवा पांढऱ्या जातीचे भ्रूण वापरावेत. सोबत सरळ धाग्याचा, म्हणजे पॅक्स-६ च्या आरएनएला न चिकटणारा, प्रोब हवाच. त्यातही तसाच रंग आला तर चित्र बाद समजावे. उन्हाळ्यात घामट हातांनी नळ्या हाताळल्या की आरएनए तुटतो, तेव्हा हातमोजे वारंवार बदलण्यात काटकसर करू नये.

पॅक्स-६ चे चित्र असे दिसेल: गॅस्ट्रुला संपताना मज्जापट्टीच्या पुढच्या भागात संकेत उमटतो, मग तो डोळ्याच्या जागांत, पुढे भिंगात, मेंदूच्या काही भागांत आणि मज्जारज्जूत ठळक होतो. याचा अर्थ असा की पॅक्स-६ दाबलेला भ्रूण गॅस्ट्रुला होण्याआधीच मेला, तर तो पॅक्स-६ च्या अभावाने मेलेला नाही. या एका वाक्याने माझ्या ओळखीच्या दोघांचे अर्धे वर्ष वाचले असते.

मॉर्फोलिनो ठरवणे

मॉर्फोलिनो हा साधारण २५ अक्षरांचा कृत्रिम धागा असतो. पेशी त्याला सहज तोडू शकत नाही, आणि तो आरएनएला चिकटून एकतर भाषांतराची सुरुवात रोखतो किंवा इंट्रॉन, म्हणजे कच्च्या आरएनएमधले वगळायचे तुकडे, कापले जाण्यात अडथळा आणतो. बेडकात ही पद्धत रुळली ती २००० मध्ये बीटा-कॅटेनिनवरच्या कामाने, ज्यात भ्रूणांना पाठीकडचा अक्षच बनवता आला नाही. भाषांतर रोखणारा मॉर्फोलिनो मातृक आरएनएवरही चालतो, पण तो चालला की नाही हे पाहायला प्रतिपिंड लागतो. कापणी बिघडवणारा केवळ भ्रूणाच्या नव्या आरएनएवर चालतो, परंतु त्याचा परिणाम आरटी-पीसीआरने लगेच मोजता येतो. पॅक्स-६ ला मातृक साठा आड येत नसल्याने नवशिक्याने दुसरा प्रकार घ्यावा. लीव्हिसमध्ये काम असेल तर झेनबेस या माहितीसंचातून ‘एल’ आणि ‘एस’ दोन्ही क्रम काढून शेजारी शेजारी ठेवावेत. चार-पाच अक्षरे जुळत नसतील तर मॉर्फोलिनोची पकड सुटते, आणि तेव्हा दोन आवृत्त्यांसाठी दोन मॉर्फोलिनो मिसळावे लागतात.

मात्रेचा हिशेब कागदावर आधी करावा. मॉर्फोलिनोचा रेणुभार ८,५०० च्या जवळपास असतो, म्हणजे १ मिलिमोलर द्रावणाच्या प्रत्येक नॅनोलिटरमध्ये सुमारे ८.५ नॅनोग्रॅम. लीव्हिसच्या भ्रूणाला १० ते ४० नॅनोग्रॅम ही नेहमीची पट्टी आहे, ट्रॉपिकॅलिसला तिच्या कितीतरी खाली, २ ते १० नॅनोग्रॅम. भ्रूणाला २० नॅनोग्रॅम १० नॅनोलिटरमधून द्यायचे असतील तर द्रावण ०.२४ मिलिमोलरच्या आसपास हवे. वापरण्यापूर्वी ते ६५ अंशांवर पाच-दहा मिनिटे तापवून घ्यावे, आणि टोचताना बर्फावर ठेवू नये, नाहीतर काही मॉर्फोलिनो तळाशी बसतात व सुईतून नुसते पाणी जाते.

टोचणे

काचेची केशनळी ओढून सुई बनवावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने टोक इतपत मोडावे की ते सुमारे १० मायक्रोमीटरचे राहील. थेंबाचे माप खनिज तेलात, मापपट्टीवर घ्यावे: १० नॅनोलिटरच्या गोल थेंबाचा व्यास ०.२७ मिलिमीटर भरतो आणि ५ नॅनोलिटरचा ०.२१. व्यास किंचित वाढला तरी घनफळ फार वाढते, म्हणून सुई बदलली की माप पुन्हा घ्यावे. ‘कालच्याइतकाच दाब ठेवला’ हे उत्तर मान्य होत नाही.

टोचताना भ्रूण ३ ते ४ टक्के फायकॉल, म्हणजे साखरेपासून बनवलेला मोठा रेणू, घातलेल्या जास्त क्षारांच्या द्रावणात ठेवतात. फायकॉलमुळे आवरणाखालचे पाणी ओढले जाऊन छिद्रातून पेशीरस बाहेर येत नाही. परंतु अवस्था ९ पूर्वी भ्रूणांना न चुकता ०.१ पट एमएमआरमध्ये, जेंटामायसिन हे प्रतिजैविक घालून, हलवावे. जास्त क्षारांत राहिलेले भ्रूण आतल्या बाजूला वळण्याऐवजी बाहेर फुगतात आणि पाहणाऱ्याला तो जनुकाचा परिणाम वाटतो. आमच्या खोलीत वातानुकूलन यंत्राच्या थरथरीने सुई हलत असे. मेजाच्या पायांखाली रबरी तुकडे बसवले आणि टोचण्याच्या वेळेपुरते यंत्र बंद ठेवू लागलो, तेव्हा हात स्थिरावला.

दोन पेशींच्या अवस्थेत एकाच पेशीला टोचणे हा बेडकाने दिलेला सर्वांत मोठा लाभ आहे. पहिले विभाजन बहुधा डावी व उजवी बाजू वेगळी करते, म्हणून त्याच भ्रूणाची न टोचलेली बाजू तुलनेला मिळते. अर्ध्याच भ्रूणाला टोचताना मात्राही निम्मी करावी. सोबत फ्लुओरेसिन-डेक्स्ट्रान मिसळले की न्यूरुला अवस्थेत, म्हणजे मज्जापट्टी मिटत असताना, हिरव्या चमकेवरून डावे टोचलेले आणि उजवे टोचलेले निवडता येतात. हात बसल्यावर आठ पेशींच्या अवस्थेतील पाठीकडच्या वरच्या पेशींपैकी एकीलाच टोचावे. पाठीची बाजू फिकट रंगावरून ओळखू येते, आणि डोळा व पुढचा मेंदू यांचा मोठा वाटा त्याच पेशींतून येतो. त्यामुळे बाकीचे शरीर धक्क्याविना वाढते आणि डोळ्याचा दोष स्वच्छ दिसतो.

सरावासाठी पहिल्याच दिवशी पॅक्स-६ वर हात घालू नये. टायरोसिनेज हे रंगद्रव्याचे जनुक आधी दाबावे. ते नीट दाबले गेले तर एका बाजूचा डोळा फिका पडतो आणि भ्रूण मात्र धडधाकट राहतो. टोचणे, मात्रा आणि निवड या तिन्हींची परीक्षा एका नजरेत होते.

पुरावा

एका मॉर्फोलिनोने आलेला दोष हा पुरावा नव्हे. त्याच मात्रेत नियंत्रक, म्हणजे भ्रूणातल्या कोणत्याही जनुकावर न बसणारा, मॉर्फोलिनो टोचलेले भ्रूण, अजिबात न टोचलेली भावंडे, आणि त्याच जनुकाच्या वेगळ्या भागावरचा दुसरा मॉर्फोलिनो, एवढे किमान हवे. २०१८ मध्ये बेडकाच्या भ्रूणांत मॉर्फोलिनोमुळे प्रतिकारशक्तीची जनुके जागी होतात आणि भलत्याच आरएनएची कापणी बिघडते, असे प्रसिद्ध झाले व त्यावर वादही झडला. मात्रा कमी ठेवणे आणि भ्रूण गरजेपेक्षा थंड जागी न वाढवणे हे शहाणपण त्या वादातून प्रत्येकाने उचलावे. शक्य असल्यास डीएनए कापणारे कॅस-९ प्रथिन व त्याला जागा दाखवणारा मार्गदर्शक आरएनए टोचून तेच जनुक तोडून पाहावे. दोन निराळ्या वाटांनी तोच डोळा लहान झाला तर शंका पुष्कळ ओसरते.

सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे दोष भरून काढणे. मॉर्फोलिनो जेथे चिकटतो तो भाग नसलेला पॅक्स-६ चा आरएनए सोबत टोचला आणि डोळा परत आला, तर दोष त्याच जनुकाचा होता. येथे एक पेच आहे. टोचलेला आरएनए पहिल्या तासापासून काम करू लागतो, तर खरे जनुक गॅस्ट्रुलाच्या शेवटी जागे होते. अतिरिक्त पॅक्स-६ भलत्या ठिकाणीही डोळ्यासारखी रचना उभी करू शकतो. म्हणून ५० पिकोग्रॅमपासून चढती मात्रा तपासावी, किंवा प्रथिनाला ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहकाचा तुकडा जोडून अवस्था १२ च्या सुमारास पाण्यात डेक्सामेथासोन हे त्या ग्राहकाला चिकटणारे औषध घालावे आणि तेव्हाच ते जागे करावे.

मोजणीचे निकष भ्रूण पाहण्याआधी लिहावेत: डोळ्याचा व्यास दुसऱ्या बाजूच्या डोळ्यापेक्षा किती कमी असला तर ‘लहान’ म्हणायचे, मेलेले कोणत्या रकान्यात जायचे. डिशवरची चिठ्ठी दुसऱ्याकडून झाकून घ्यावी आणि गट न कळता मोजावे. निदान तीन वेगवेगळ्या माद्यांच्या तुकड्या हव्यात. एकाच मादीचे दोनशे भ्रूण हे आकडेवारीच्या दृष्टीने एकच उदाहरण ठरण्याची भीती असते. आखूड अक्ष, उघडी राहिलेली पाठ, करड्या पडलेल्या पेशी हे विषबाधेचे नेहमीचे चेहरे आहेत. ते दिसले तर मात्रा निम्मी करून पुन्हा पाहावे.

मोजून झालेले भ्रूण टाकू नयेत. ते फिक्स करून मिथेनॉलमध्ये उणे २० अंशांवर ठेवले तर कित्येक महिन्यांनीही त्यांच्यावर दुसऱ्या जनुकाचा प्रोब लावता येतो. कुपीत अवस्था, तारीख, मादीचा क्रमांक आणि मात्रा लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाकावी, आणि ती पेन्सिलीने लिहावी. मिथेनॉलमध्ये पेनाची शाई रात्रीतून विरघळते.